विश्लेषण : जबडा कुठे मोडला यावरून कळतं समाज कुठे चुकतोय, युरोपात ठोसा, आपल्याकडे दुचाकी

संध्याकाळची वेळ. बाजार करून घरी निघालेली दुचाकी. रस्त्यावर वाळू किंवा पांढरा पट्टा नसलेला गतिरोधक. गाडी स्लिप होते, माणूस पुढे फेकला जातो आणि हनुवटी डांबरावर आदळते. जवळच्या दवाखान्यात हनुवटीला तीन-चार टाके पडतात, धनुर्वाताचं इंजेक्शन मिळतं आणि "किरकोळ लागलंय" म्हणून माणूस घरी येतो. आठ दिवसांनी सूज उतरते, पण भाकरी चावता येत नाही. दातावर दात बसत नाहीत. तोंड उघडलं की हनुवटी एका बाजूला जाते. तेव्हा कुठे जिल्ह्याच्या ठिकाणी एक्स-रे निघतो आणि कळतं की टाके पडले हनुवटीला, पण हाड मोडलंय कानाजवळ.

ग्रामीण भागात हे नवीन नाही. प्रत्येक गावात असा एखादा तरी माणूस सापडतो, ज्याचा जबडा "तेव्हापासून वाकडाच" आहे. अपघातात जीव गेला तर बातमी होते. जबडा मोडला तर होत नाही. पण जगभरातल्या डॉक्टरांनी गेल्या काही दशकांत या एकाच हाडाचा बराच हिशोब ठेवला आहे, आणि त्यातून मोठी गोष्ट पुढे आली आहे. जबडा कुणाचा, कसा आणि कुठे मोडतो हे नशिबावर ठरत नाही. त्या भागातले रस्ते, तिथली दारू, तिथला कायदा आणि घराघरातली वागणूक यावर ते ठरतं.

हाड एक, पण मोडतं दोन ठिकाणी

खालचा जबडा हे कवटीचं हलणारं हाड. घोड्याच्या नालासारखा त्याचा आकार. मध्ये हनुवटी आणि दोन्ही टोकं कानाच्या पुढे सांध्यात बसलेली. गोल बांगडीवर एका जागी दाब दिला की ती पुष्कळदा दोन जागी तडकते. जबड्याचंही तसंच आहे. मार एका बाजूला लागतो, पण मोड तिथे एक आणि समोरच्या बाजूला दुसरी, असं अनेकदा होतं. म्हणून जबड्याला मार लागला की डॉक्टर एक मोड सापडली तरी दुसरी शोधतात.

कमकुवत जागा ठरलेल्या आहेत. कानाजवळचा सांध्याचा भाग, ज्याला डॉक्टर कॉन्डाइल म्हणतात, तो मानेसारखा बारीक असतो. दुसरी जागा म्हणजे जबड्याचा कोन, कानाखाली जिथे हाड वळतं तिथली. तिथे अक्कलदाढ हाडात अडकलेली असेल तर ती जागा आणखी कच्ची होते. तिसरी जागा हनुवटीच्या बाजूला, सुळ्याजवळ. सुळ्याचं मूळ लांब असल्यामुळे तिथे हाड कमी उरतं.

आता मार कसा बसला त्यावरून मोड ठरते. हनुवटीवर पडलं तर जोर सरळ कानापर्यंत जातो आणि सांध्याची मान मोडते, कधी दोन्ही बाजूंची. ठोसा बसला तर बहुधा कोन मोडतो, तोही डावा. कारण साधं आहे. बहुतेक माणसं उजव्या हाताने मारतात आणि समोरच्याच्या डाव्या गालावर तो हात बसतो. दुचाकीवरून वेगात पडलं तर हनुवटीचा बाजूचा भाग आणि सांधा असे दोन्ही सापडतात, सोबत नाक-गालाची हाडंही. म्हणजे एक्स-रे पाहूनच अनुभवी डॉक्टरला अंदाज येतो की पेशंट सांगतोय ती हकीकत जुळते की नाही.

देश बदलला की कारण बदलतं

युरोपातल्या अनेक शहरांमधल्या रुग्णालयांनी मिळून चेहऱ्याच्या मोडलेल्या हाडांची नोंद केली. सुमारे 3,400 पेशंटच्या त्या अभ्यासात पहिल्या क्रमांकावर मारामारी होती, 39 टक्के. दुसऱ्या क्रमांकावर पडणं, 31 टक्के. वाहनांचे अपघात त्यांच्या मागे राहिले. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फिनलंड इथेही चित्र जवळपास हेच. शनिवार-रविवारची रात्र, पोटात दारू, वीस ते तीस वयाचा तरुण आणि एक ठोसा. दक्षिण आफ्रिकेतही मारामारीच पुढे आहे.

नेदरलँड्समध्ये कारण वेगळं. तिथे माणसं सायकलवर फिरतात, त्यामुळे जबडा सायकलवरून पडून मोडतो. जपानसारख्या म्हाताऱ्या होत चाललेल्या देशात घरात पाय घसरून पडलेले आजी-आजोबा जास्त दिसतात. दात पडून गेले की खालचा जबडा झिजतो, पातळ होतो आणि थोड्या माराने तुटतो.

भारत, इराण, नायजेरिया अशा देशांत मात्र यादीत सगळ्यात वर रस्ता अपघात आहे. नायजेरियात प्रवासी वाहणाऱ्या मोटारसायकलींना 'ओकाडा' म्हणतात. तिथल्या डॉक्टरांचं दुखणं आपल्या डॉक्टरांसारखंच आहे.

बहुतेक सगळ्या देशांत एक गोष्ट सारखी आहे. मोडलेला जबडा बायांपेक्षा पुरुषांचा कितीतरी जास्त आणि वय साधारण वीस ते चाळीस. म्हणजे घराचं कमावतं माणूस.

पाश्चात्त्य देशांत रस्ता मागे कसा पडला?

युरोपात पूर्वीपासूनच अशी स्थिती होती, असं नाही. तिथेही एके काळी मोटारीच्या काचेवर आणि स्टिअरिंगवर आपटून चेहरे फुटत होते. ब्रिटनमध्ये 31 जानेवारी 1983 पासून पुढच्या सीटवरच्या माणसाला सीटबेल्ट सक्तीचा झाला. त्यानंतर गाडीतल्या लोकांच्या चेहऱ्याच्या जखमा कमी झाल्या. इटलीने 2000 साली दुचाकीवरच्या प्रत्येकाला, मोपेडवाल्यालाही, वयाची सूट न देता हेल्मेट सक्तीचं केलं आणि डोक्याला मार लागून भरती होणाऱ्यांची संख्या चांगलीच खाली आली.

म्हणजे तिथे माणसं शहाणी झाली म्हणून रस्ता मागे पडला नाही. कायदा आला, तो पाळून घेतला, रस्ते सुधारले, म्हणून मागे पडला. मग यादीत वर राहिली ती मारामारी.

आपला हिशोब

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या 2022 च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात 1,68,491 माणसं रस्त्यावर मेली. त्यातली जवळपास 44 टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची. हेल्मेट नसताना 50,029 जण गेले. त्यात 35,692 चालवणारे आणि 14,337 मागे बसलेले. एकट्या महाराष्ट्रात 15,224 जीव गेले. आणि देशातले दोन तृतीयांशाहून जास्त मृत्यू ग्रामीण भागातले आहेत.

हे आकडे मेलेल्यांचे. जबडा मोडून जगलेल्यांचा हिशोब यात वेगळा दिसत नाही. गाडी स्लिप झाली, समोर कुणी नव्हतं, पोलिसांत गेलं कोण? विमा नाही, लायसन्स नाही, तीन माणसं बसलेली होती, म्हणून प्रकरण दवाखान्यातच मिटतं. कागदावर अपघात झालाच नाही.

गावाकडच्या रस्त्यावर जबडा मोडण्याची कारणं सगळ्यांना पाठ आहेत. ऊस हंगामात मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या. दोन ट्रॉल्यांची जोडणी आणि अंधारात रस्त्याकडेला पंक्चर होऊन उभी राहिलेली. गावकऱ्यांनीच मुरूम टाकून केलेले गतिरोधक, ज्यांना ना पट्टा ना फलक. रस्त्यावर वाळत घातलेलं सोयाबीन, तूर. पाइपलाइनसाठी खोदून नीट न बुजवलेली चारी. मागच्या सीटवर एका बाजूला बसलेली बाई आणि चाकात अडकलेला पदर. आणि ढाब्यावरून निघालेली शेवटची गाडी.

अर्धं हेल्मेट जबडा वाचवत नाही

हेल्मेट घालणाऱ्यांमध्येही एक मोठी चूक दिसते. तालुक्याच्या बाजारात रस्त्याकडेला मिळणारं टोपीसारखं अर्धं हेल्मेट फक्त पोलिसांसाठी घेतलं जातं. ते डोक्याचा वरचा भाग झाकतं. हनुवटी उघडीच राहते. जर्मनीत अपघातग्रस्त हेल्मेटचा अभ्यास झाला, तेव्हा मार बसलेल्या जागांपैकी साधारण एक तृतीयांश हनुवटीच्या भागात होत्या. म्हणजे तीनातला एक फटका बरोबर तिथेच, जिथे अर्ध्या हेल्मेटमध्ये काहीच नसतं.

पूर्ण चेहरा झाकणारं, आयएसआय खूण असलेलं हेल्मेट आणि हनुवटीखाली लावलेला पट्टा, हे तिन्ही एकत्र असेल तरच उपयोग. 1 जून 2021 पासून देशात दुचाकीचं हेल्मेट या खुणेशिवाय विकायला बंदी आहे, तरी रस्त्याकडेचा धंदा चालूच आहे. पट्टा न लावलेलं हेल्मेट माणसाच्या आधी रस्त्यावर पोचतं. कायद्यात मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सांगितलं आहे, पण गावात "मागच्याला कशाला?" हा प्रश्न अजून सुटलेला नाही. वर दिलेला 14,337 चा आकडा मागच्यांचाच आहे.

शेतातले आणि झाडावरचे

शेती करणाऱ्या समाजात काही कारणं अशी असतात, जी युरोपच्या यादीत शोधून सापडणार नाहीत. बैलाने मान झटकली आणि शिंग हनुवटीखाली लागलं. म्हशीने धार काढताना लाथ मारली. आंब्याच्या, चिंचेच्या झाडावरून, कोकणात नारळावरून माणूस पडला. शिंगाच्या जखमेत तर बाहेर लहान भोक दिसतं आणि आत तोंडापर्यंत मार गेलेला असतो. हळद-चुना लावून ही जखम झाकली तर आत पू होतो.

लहान लेकरांचा विषय आणखी गंभीर आहे. लेकरू ओट्यावरून, पायरीवरून, झोक्यावरून हनुवटीवर पडतं. हनुवटी फुटते, टाके पडतात. पण कानाजवळचा सांधा मोडलाय हे कुणी पाहिलं नाही, तर पुढे सांध्यात हाड जुळून येतं आणि तोंड उघडेनासं होतं. जबड्याची वाढ खुंटते, हनुवटी मागे राहते. मूल मोठं होतं तसा चेहरा बिघडत जातो, आणि पुढे मोठं ऑपरेशन करावं लागतं. वेळीच पाहिलं तर बहुतेक लेकरं ऑपरेशनशिवाय बरी होतात. म्हणून लेकराच्या हनुवटीला टाके पडले की एकच प्रश्न डॉक्टरला विचारावा: "कानाजवळचं हाड बघितलं का?"

आणखी एक कारण आपल्या भागाचं. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, पण पुडी मिळायची थांबलेली नाही. तंबाखू-गुटख्याने तोंडाचा कर्करोग झाला आणि तो हाडात उतरला, किंवा त्यावर किरणांचे उपचार झाले, तर जबडा आतून पोखरतो. अशा माणसाचा जबडा जेवतानाही मोडू शकतो. काही न लागता जबडा मोडला, तर तो आधी तपासून घ्यायचा आजार समजावा.

"पडले" म्हणणारी बाई

आपल्याकडे मारामारी यादीत खाली आहे, याचा अर्थ ती होत नाही असा नाही. बांधाच्या भांडणात, निवडणुकीनंतर, वरातीत डीजेपुढे ठोसे चालतातच. पण सगळ्यात कमी नोंद होते ती घरातल्या मारहाणीची. बाई दवाखान्यात येते, सोबत नवरा किंवा सासू असते आणि ती सांगते "मोरीत पडले". मोरीत पडलेल्याची हनुवटी फुटते, गुडघा-कोपर खरचटतं. इथे मात्र डावा कोन मोडलेला असतो, डोळ्याखाली काळं-निळं असतं आणि हातावर जुन्या माराच्या खुणा असतात. एक्स-रे वेगळं बोलतो, बाई वेगळं बोलते.

कायद्याच्या दृष्टीने हाड किंवा दात मोडणं ही साधी नाही, 'गंभीर दुखापत' आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 मध्ये ते स्पष्ट आहे, आणि मुद्दाम अशी दुखापत केली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. "नवरा-बायकोचं भांडण" म्हणून मिटवून टाकायची ही गोष्ट नाही. बाईला एकटीला बसवून विचारणारी नर्स, आशाताई किंवा शेजारीण इथे फार मोठं काम करू शकते. महिलांसाठी 181 हा मदतीचा नंबर आहे, तातडीला 112.

कार्डिफचा धडा

वेल्समधल्या कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड नावाचे जबड्याचे सर्जन होते. मारामारीत चेहरा फुटलेले पेशंट ते रोज शिवत होते. त्यांच्या लक्षात आलं की यातल्या कितीतरी घटना पोलिसांना माहीतच नाहीत. मग रुग्णालयात आलेल्या प्रत्येक जखमीला तीन गोष्टी विचारायला सुरुवात झाली: कुठे झालं, कधी झालं, कशाने मारलं. नाव-गाव काढून टाकून ही माहिती नगरपालिका आणि पोलिसांना दर महिन्याला दिली जाऊ लागली.

कुठल्या बारबाहेर, कुठल्या रस्त्यावर, किती वाजता माणसं फुटतात ते नकाशावर दिसायला लागलं. पोलिसांची गस्त तिथे वळवली. फुटली की धार येणाऱ्या काचेच्या ग्लासाऐवजी न फुटणारे ग्लास आणायला लावले. काही वर्षांनी हिशोब केला, तेव्हा तशाच इतर शहरांच्या मानाने कार्डिफमध्ये मारामारीत जखमी होऊन भरती होणाऱ्यांची संख्या बरीच कमी झालेली होती. नवा कायदा लागला नाही, मोठा निधी लागला नाही. विचारणं आणि लिहून ठेवणं एवढंच लागलं.

ग्रामीण भागासाठी या गोष्टीतलं मर्म मोठं आहे. आपल्याकडे मारामारीच्या जागी अपघात धरा. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालयात येणाऱ्या प्रत्येक जखमीला "कुठे पडलात?" विचारून वहीत एक ओळ लिहिली आणि ती यादी महिन्याला ग्रामपंचायत, बांधकाम विभाग आणि पोलीस ठाण्याला गेली, तर सहा महिन्यांत कळेल की तालुक्यातले निम्मे जबडे कुठल्या चार गतिरोधकांवर आणि कुठल्या दोन वळणांवर मोडतात. मग ग्रामसभेत "रस्ता खराब आहे" असं मोघम न बोलता जागेसह ठराव घेता येईल. मोघम मागणी टेबलावर पडून राहते. "या गतिरोधकावर सहा महिन्यांत इतके जखमी" ही मागणी सहज बाजूला सारता येत नाही.

जबड्याला मार लागला तर हे करा

* जखमी शुद्धीवर असेल तर पुढे वाकवून बसवा, रक्त बाहेर येऊ द्या. बेशुद्ध असेल तर मान न वळवता अख्खं अंग कुशीवर करा. उताणं झोपवू नका. हनुवटी दोन्हीकडून मोडली तर जीभ मागे जाऊन श्वास अडकतो.
* तोंडातले तुटलेले दात, कवळी, रक्ताच्या गाठी बाहेर काढा. अख्खा दात निघाला असेल तर मुळाला न धरता दुधात ठेवून सोबत न्या.
* तोंड करकचून बांधू नका. उलटी झाली तर जीव जाऊ शकतो.
* 108 ला फोन करा. मदत करणाऱ्याला पोलीस जबरदस्तीने साक्षीदार करू शकत नाहीत, कायद्यात त्याला संरक्षण आहे.
* दात पूर्वीसारखे जुळत नाहीत, खालचा ओठ बधिर झालाय, तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला जाते, कानासमोर दुखतं, यातलं एक जरी असलं तरी जबड्याचा पूर्ण एक्स-रे, म्हणजे ओपीजी, किंवा सीटी स्कॅन काढा.
* मोडलेलं हाड दोन-तीन आठवड्यांत चुकीच्या जागी धरायला लागतं. "सूज उतरली की बघू" म्हणत थांबू नका. मालिश करणाऱ्याकडे तर मुळीच नेऊ नका.

उपचार दोन प्रकारचे असतात. तारेने वरचे-खालचे दात बांधून साधारण चार ते सहा आठवडे तोंड बंद ठेवणं, किंवा ऑपरेशन करून छोट्या प्लेट बसवणं. तारेच्या काळात पेज, ताक, डाळीचं पातळ पाणी, आंबील, दूध यावर राहावं लागतं. म्हणजे कष्टकऱ्याचा महिना-दीड महिना कामाशिवाय जातो. खर्चासाठी सरकारी दंत महाविद्यालय आणि वैद्यकीय महाविद्यालय हा पहिला पर्याय. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार बसतो का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. रस्ता अपघात असेल तर 2025 पासून केंद्राच्या योजनेत ठरवून दिलेल्या रुग्णालयांत पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाखापर्यंत रोख न भरता उपचाराची सोय आहे. त्यासाठी अपघाताची नोंद पोलिसांत होणं गरजेचं. नोंद लपवली की सोयही गेली.

शेवटी

जगाच्या हिशोबात एक गोष्ट सारखी दिसते. ज्या समाजाने कारण ओळखलं आणि त्यावर काम केलं, तिथे ते कारण यादीत खाली गेलं. ब्रिटनने सीटबेल्ट लावून घेतला, इटलीने हेल्मेट घालून घेतलं, कार्डिफने विचारून लिहून ठेवलं. आपल्याकडे कारण सगळ्यांना माहीत आहे. ते रोज हँडलला लटकत असतं, नाहीतर डिकीत पडलेलं असतं.

पाचशे-हजार रुपयांचं पूर्ण हेल्मेट महाग वाटतं. दीड महिना पेज पिऊन, रोजगार बुडवून आणि उरलेलं आयुष्य एका बाजूने चावून जगण्यापेक्षा ते नक्कीच स्वस्त आहे. उद्या बाजाराला निघताना एकदा आरशात बघा, आणि मागे बसणाऱ्याकडेही.